बिनशिरांची शिरगणती

मराठीत 'शिरगणती' हा एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. माणसे मोजावयाची तर त्यांची डोकी मोजावी, हातपाय मोजू नयेत, हा त्यातील संकेत उघड आहे. परंतु ज्या प्राण्यास डोकेच नाही त्याची गणती करावयाची झाल्यास कोणता शब्द योजावा, हा प्रश्न आमच्या कोशकारांपुढे कधी आला नसावा. नदीतील शिंपला हा असा प्राणी आहे. त्यास तोंड आहे, पोट आहे, हृदय आहे, एक मांसल पायही आहे. डोके मात्र नाही. प्राणिशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत या सबंध वर्गास 'बिनशिरे' अशाच अर्थाचे नाव दिलेले आढळते. आणि तरीही जगात आज अशी काही सुशिक्षित व विचारी माणसे आहेत, की जी उन्हाळाभर नदीच्या पात्रात पालथी पडून या बिनशिरांची शिरगणती करीत असतात.

माणूस मोजतो कशासाठी, याचा विचार केला तर त्याच्या बहुतेक मोजणीच्या मुळाशी काहीतरी स्वामित्व असते असे दिसून येईल. सावकार रुपये मोजतो, धनगर सायंकाळी मेंढरे मोजतो, सरकार प्रजा मोजते. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात 'गोप' नावाच्या अधिकाऱ्याकडे गावातील माणसे व जनावरे यांची नोंद ठेवण्याचे काम सोपविले आहे. ते काही केवळ जिज्ञासेपोटी नव्हे. कर किती येईल आणि राबणारे हात किती मिळतील, हे राजास कळावे हाच त्यातील हेतू. जे आपले नाही, ज्यावर कर बसत नाही, जे विकता येत नाही आणि ज्याची भीतीही वाटत नाही, ते मोजण्याच्या भरीस माणूस सहसा पडत नाही. म्हणूनच शिंपल्यांची ही गणती मला प्रथम हास्यास्पद, मग चमत्कारिक आणि अखेरीस मोठी विचार करण्याजोगी वाटली.

शिंपल्याकडे पाहण्याची आपली परंपरागत दृष्टी फारशी आदराची नाही. स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, ही कल्पना आपल्याकडे सर्वतोमुखी आहे. पण तीत कौतुक सारे थेंबाचे आणि मोत्याचे. शिंपला म्हणजे नुसती डबी. आमच्या तत्त्वज्ञांनी तर त्याची आणखीच उपेक्षा केली. भ्रम म्हणजे काय हे सांगताना वेदान्ती जे दृष्टांत देतात त्यांत 'शुक्तिरजत' हा एक मुख्य आहे. शिंपीच्या ठिकाणी चांदीचा भास होतो, मग जवळ गेल्यावर ही चांदी नव्हे, शिंपी आहे, असे ज्ञान होते. शेकडो वर्षे आमच्या पंडितांनी या शिंपीवर वाद घातले; परंतु चांदीचा भ्रम फिटल्यावर हातात जी शिंपी उरली, तिच्या आत कोण राहत होते, याची चौकशी कोणी केल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. कोकणातील गृहिणी या बाबतीत अधिक व्यवहारी म्हटली पाहिजे. तिसऱ्या, खुबे आणि कालवे यांतील भेद तिला पंडितांहून चांगला कळतो. मात्र ती ओळख खाडीच्या व समुद्राच्या शिंपल्यांची. गोड्या पाण्यातील शिंपला स्वयंपाकघरात फारसा मानाने आला नाही आणि शास्त्रातही आला नाही.

या उपेक्षित प्राण्याचे खरे वैभव पाहावयाचे असेल तर उत्तर अमेरिकेतील नद्यांकडे जावे लागते. गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या सुमारे तीनशे जाती त्या खंडात नोंदल्या गेल्या आहेत. इतके वैविध्य पृथ्वीवर अन्यत्र कोठेही नाही. त्यांतही टेनेसी नदीचे खोरे विशेष समृद्ध. व्हर्जिनिया राज्याच्या डोंगरांत उगम पावून टेनेसी राज्यात उतरणारी, सुमारे तीनशे मैल लांबीची क्लिंच नावाची एक नदी आहे. आपल्या भीमेच्या अथवा कृष्णेच्या मानाने ती काही मोठी नव्हे. अनेक ठिकाणी ती पायउतार आहे. पण या एका नदीत शिंपल्यांच्या चाळीसहून अधिक जाती अद्याप नांदत आहेत. त्यांची व्यवहारातील नावे ऐकली म्हणजे मौज वाटते. एकाचे नाव 'माकडतोंड्या', दुसऱ्याचे 'डुकरखूर', तिसऱ्याचे 'धुण्याची फळी', चौथ्याचे 'तपकिरीची डबी', अशा अर्थाची ही नावे आहेत. विद्वानांनी दिलेली लॅटिन नावे वेगळी; ही नावे नदीकाठच्या कोळ्यांनी आणि शिंपले वेचणाऱ्यांनी दिली. ज्यास नाव देण्याइतके लक्ष कोणी दिले, त्याच्याशी माणसाचा कधीतरी घरोबा होता, असे अनुमान करावयास हरकत नाही.

या प्राण्याचा जीवनक्रम मोठा अद्भुत आहे. प्रौढ शिंपला नदीच्या तळाशी वाळूत व गोट्यांत अर्धवट पुरून घेऊन राहतो आणि पाणी आत ओढून, त्यातील सूक्ष्म कण खाऊन, स्वच्छ पाणी बाहेर सोडतो. एकेक शिंपला दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी गाळतो. जेथे ते दाट वस्तीने राहतात तेथे नदीचे पाणी जणू एका जिवंत गाळणीतून वाहत असते. त्याचे आयुष्यही लहान नाही. काही जाती अनेक दशके जगतात. युरोपातील मोत्याच्या शिंपल्याने तर शंभरी ओलांडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे त्याच्या कवचात वर्षावर्षाच्या रेघा उमटतात आणि जाणत्यास त्या वाचता येतात.

पण इतका स्थिर प्राणी आपली संतती दूरवर पोचवितो कशी? येथे त्याने माशांस वेठीस धरले आहे. त्याची पिले जन्मतात ती साध्या डोळ्यांस जेमतेम दिसतील न दिसतील इतकी लहान. त्यांनी एखाद्या माशाच्या कल्ल्यास चिकटून काही आठवडे काढले तरच ती पुढे जगतात. त्यातही प्रत्येक जातीचे यजमान ठरलेले. परक्या माशाच्या अंगावर पडलेले पिलू वाचत नाही. मग तो ठराविक मासा जवळ यावा म्हणून काही जातींच्या माद्या आपल्या मांसल पदराची एक घडी कवचाबाहेर काढून अशी हालवितात, की ती हुबेहूब लहान मासोळीसारखी दिसावी; तीवर डोळ्यासारखा ठिपकाही असतो. मोठा मासा भक्ष्य समजून झडप घालतो आणि त्याच्या तोंडात पिलांचा फवारा उडतो. 'तपकिरीची डबी' याहून धीट. गोटे उलथून किडे शोधणारा एक मासा त्या नदीत आहे. त्याने या शिंपल्यास डिवचले की ती डबी खाड्कन मिटते, माशाचे डोके आत पकडून धरते, त्याच्या कल्ल्यांत पिले सोडते आणि मग त्यास मोकळे करते. ज्यास डोके नाही त्याने डोके असलेल्यास असे फसवावे, हे पाहून बुद्धिमत्तेविषयीचा आपला अभिमान थोडा कमी झाल्यावाचून राहत नाही.

हे सारे वैभव माणसाने कसे उधळले, ती कथा लांब आहे; तिचा केवळ सारांश सांगतो. जॉन बेपल नावाच्या जर्मन कारागिराने १८९१ साली आयोवा राज्यातील मस्कटीन या गावी शिंपल्यांची बटणे करण्याचा धंदा सुरू केला. १९०५ साली त्या एका गावाने सुमारे दीड अब्ज बटणे काढली. पुढे प्लॅस्टिकचे बटण आले व हा धंदा बसला. तोच जपानातील मोत्यांच्या शेतीस शिंपल्याच्या मण्यांची गरज पडू लागली. समुद्रातील कालवाच्या पोटात जो मणी घालून त्यावर मोती चढवितात, तो मिसिसिपी खोऱ्यातील जाड शिंपल्याचा उत्तम होतो असे आढळले. आपल्या सराफकट्ट्यावर मिळणाऱ्या शेतीच्या मोत्यांपैकी पुष्कळांच्या अंतरंगात अमेरिकेच्या एखाद्या नदीचा शिंपला दडून बसला असेल, ही गोष्ट ते मोती गळ्यात घालणाऱ्यांच्या स्वप्नीही नसेल. स्वातीच्या थेंबाची जागा अखेर शिंपल्यानेच घेतली म्हणावयाची!

तथापि वेचणाऱ्यांनी जे केले त्याहून अधिक धरणांनी केले. अलाबामा राज्यात टेनेसी नदीच्या ज्या उथळ, खळाळत्या पात्रात सुमारे सत्तर जातींचे शिंपले एकत्र नांदत, ते पात्र १९२४ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या पाण्याखाली गेले. क्लिंच नदीवर १९३६ साली नॉरिस धरण पुरे झाले. वाहते पाणी थांबले, तळाशी गाळ बसला, यजमान मासे येईनासे झाले. धरणावरचे क्लिंचचे पात्र मोकळे राहिले खरे, पण त्यावर निराळी संकटे कोसळली. १९६७ साली एका वीजकेंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध फुटून ती विषारी राख नदीत लोटली. १९९८ साली रसायनाने भरलेली एक टाकीगाडी काठावर उलटली आणि सुमारे सात हजार शिंपले मेले. २०१६ पासून तर एका विशिष्ट जातीचे शिंपले तेथे शरद ऋतूत साथ आल्यासारखे मरू लागले. आजारी शिंपल्यांच्या अंगी एक नवा विषाणूही सापडला.

अशा नदीतील शिंपले मोजण्याचे काम जवळून पाहण्याची संधी मला काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे मिळाली. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकविले. हा विद्यार्थी ते माझ्यापाशी शिकून मग संख्याशास्त्राकडे वळला आणि त्या देशी नोकरीनिमित्त गेला. "सर, तुम्ही जो विषय फळ्यावर शिकविलात तो पाण्यात कसा दिसतो ते पाहून तर जा," असे म्हणून ऑगस्ट महिन्यात त्याने मला क्लिंचच्या काठी नेले. शिंपल्यांस हात लावण्यास तेथे सरकारी परवाना लागतो. तो मजपाशी नसल्याने मला काठावरील एका खडकावर बसवून हाती नोंदीची पाटी देण्यात आली.

मोजणीची रीत थोडक्यात अशी. पात्राचा ठराविक भाग आखून घेतात आणि त्यावर अर्धा मीटर बाजूची चौकट ठिकठिकाणी ठेवतात. पहिली चौकट कोठे ठेवावी हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरते. पुढच्या तेथून नेमक्या अंतरावर. मोजणाऱ्याच्या मर्जीवर हे सोडले तर त्याची दृष्टी नकळत जेथे शिंपले दिसतात तेथेच जाईल व हिशेब फुगेल. मग अंगात रबरी पोशाख आणि तोंडात श्वासाची नळी अशा थाटात मोजणारे पालथे पडतात, चौकटीतील गोटे एकेक करून बाजूस सारतात आणि वीतभर खोल वाळू उकरून चाळतात. कारण लहान शिंपले पुष्कळदा पुरलेले असतात आणि म्हाताऱ्या शिंपल्यांच्या गर्दीपेक्षा एक लहान शिंपला सापडणे अधिक महत्त्वाचे असते. दीर्घायुषी प्राण्याची वस्ती वरून भरलेली दिसते; पण तीस वर्षांत तेथे एकही पिलू जगले नसेल तर ती वस्ती म्हणजे पाळणा न हाललेले घर होय. मिळालेल्या प्रत्येक शिंपल्याची जात ओळखतात, लांबी मापतात, त्यावर अंक असलेली बारीकशी चकती चिकटवितात आणि तो जसा होता तसाच, पाणी घेण्याची बाजू वर करून, पुन्हा वाळूत रोवतात.

चकतीचा उपयोग मोठा सुरेख आहे. समजा, या वर्षी दोनशे शिंपल्यांस चकत्या लावल्या. पुढील खेपेस शंभर शिंपले सापडले आणि त्यांत वीस चकतीवाले निघाले. म्हणजे सापडलेल्यांत पाचवा हिस्सा आपल्या ओळखीचा. तर मग आपले दोनशे हे साऱ्या वस्तीचा पाचवा हिस्सा असले पाहिजेत, आणि वस्ती सुमारे हजारांची. ही युक्ती डेन्मार्कच्या पेटरसन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९६ साली माशांसाठी सांगितली. जे दिसले त्यांवरून न दिसलेल्यांची संख्या काढण्याचा हा मार्ग मला तर्कशास्त्राचा अध्यापक म्हणून फार आवडला.

त्या दिवशी पाण्यातून जातीचे नाव व लांबी यांचा पुकारा होई व मी तो टिपून घेई. मध्येच "शून्य" असा पुकारा आला. चौकटीत काहीच सापडले नव्हते. तुकडीचा प्रमुख पाण्यातून मान वर काढून म्हणाला, "शून्य लिहा, घर रिकामे ठेवू नका." मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "रिकाम्या घराचे तीन अर्थ होतात. कोणी पाहिलेच नाही. पाहिले पण लिहावयाचे राहिले. अथवा पाहिले आणि तेथे काही मिळाले नाही. यांतला तिसराच आमच्या उपयोगाचा."

हे शब्द ऐकून मला आमच्या मीमांसकांची आठवण झाली. ज्ञानाची साधने किती, या वादात कुमारिलभट्टाच्या अनुयायांनी आणि वेदान्त्यांनी 'अनुपलब्धि' नावाचे सहावे प्रमाण मानले आहे. जमिनीवर घट नाही हे आपणास कसे कळते? घट दिसत नाही म्हणून. परंतु एवढ्याने भागत नाही, हेही त्यांनी ताडले होते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो तेथे नाही असे ठरत नाही. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यास प्रमाणाची योग्यता येते. बौद्ध नैयायिक धर्मकीर्तीने याच प्रसंगी पिशाचाचा दाखला दिला आहे. पिशाच स्वभावतःच अदृश्य. तेव्हा ते दिसले नाही म्हणून नाही, असे सिद्ध करता येत नाही. तीस वर्षे मी हा भाग वर्गात शिकवीत आलो. त्याचे उत्तर परीक्षेत दहा गुणांचे असते. क्लिंचच्या पात्रात मात्र त्यावर एका सबंध जातीचे जीवित अवलंबून आहे.

कारण शिंपला हा घट आणि पिशाच यांच्या मधला पदार्थ आहे. तो दिसतो, पण नेहमी दिसत नाही. थंडीत तो खोल जातो. पाणी गढूळ असले की झाकला जातो. विरळ जातीचा असला तर शेकडो चौकटींतून निसटतो. म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणे हा मोजणीचा प्राण आहे. एखाद्या जागी शिंपला असूनही एका फेरीत तो न सापडण्याचा संभव निम्मा आहे असे धरा. तर दोन फेऱ्यांत न सापडण्याचा संभव चतुर्थांश, आणि पाच फेऱ्यांत तो केवळ बत्तिसावा हिस्सा उरतो. फेरीगणिक 'दिसला नाही' हे वाक्य 'नाही' या वाक्याच्या जवळ जवळ सरकत जाते. पण त्यास पूर्णपणे कधीच मिळत नाही. अलीकडे पाण्यात मिसळलेल्या सूक्ष्म जैव अंशांवरून, म्हणजे डीएनएवरून, वर कोठेतरी तो प्राणी असल्याचे ओळखण्याची रीतही निघाली आहे. तीही त्या दोन वाक्यांतील अंतर कमी करते, मिटवीत नाही.

मग एखादी जात नाहीशी झाली, असे म्हणावयाचे केव्हा? अमेरिकेच्या सरकारने २०२३ सालच्या ऑक्टोबरात संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून एकवीस जातींची नावे, त्या नष्ट झाल्या असे ठरवून, काढून टाकली. त्यांत आठ गोड्या पाण्यातील शिंपले होते. त्यांपैकी 'ग्रीन ब्लॉसम' म्हणजे 'हिरवा मोहोर' अशा सुंदर नावाच्या शिंपल्याचा शेवटचा जिवंत जीव १९८२ साली याच क्लिंच नदीत, पेंडलटन बेटापाशी आढळला होता. दुसरा एक शिंपला अखेरचा दिसला १९७३ साली; संरक्षणाच्या यादीत त्याचे नाव चढले १९९३ साली; आणि तो नाही असे जाहीर झाले २०२३ साली. न दिसण्यापासून नाहीपर्यंतचा हा प्रवास पन्नास वर्षांचा! व्यवहारी माणूस यास सरकारी दिरंगाई म्हणेल, आणि तीही त्यात थोडी असेलच. परंतु मला त्यात एक प्रकारची न्यायबुद्धीही दिसते. बेपत्ता माणसास आपला कायदासुद्धा सात वर्षे मृत मानीत नाही. जिच्यानंतर तशी दुसरी पुन्हा कधीच जन्मणार नाही अशा जातीच्या बाबतीत अधिक थांबले तर बिघडले कोठे? लवकर 'नाही' म्हटले तर शोध थांबतो, संरक्षण उठते, आणि असलेलेही नाहीसे होण्यास मोकळे होते. उशिरा म्हटले तर थोडा पैसा व थोडे श्रम वाया जातात. दोन्ही चुकांचे मोल सारखे नाही.

ही हकीकत मी एका स्नेह्यास सांगितली तेव्हा त्यांनी विचारले, "पण मोजून काय मिळते? मोजल्याने शिंपला वाचतो का?" प्रश्न रोखठोक आहे आणि त्यास टाळून जाणे बरे नव्हे. नुसत्या मोजण्याने कोणीच वाचत नाही, हे खरे. ताप मापल्याने उतरत नाही. परंतु ताप न मापणारा वैद्य औषध लागू पडले की नाही हे कशावरून सांगणार? व्हर्जिनियात आज प्रयोगशाळांतून माशांच्या कल्ल्यांवर शिंपल्यांची पिले वाढवून ती क्लिंचमध्ये सोडतात. ती तेथे टिकली का, वाढली का, त्यांस पुढे पिले झाली का, हे मोजल्यावाचून कळावयाचे नाही.

आणि याहूनही मोठे एक कारण आहे. त्याच पेंडलटन बेटापाशी १९७९ साली कोणीतरी चौकटी टाकून शिंपले मोजले होते. तेव्हा चौरस मीटरमागे ते सुमारे पंचवीस भरले. पुढल्या तीस वर्षांत तेथे त्यांचा अगदी अल्प अंश उरला. पण ही घट आपणास ठाऊक झाली ती केवळ १९७९ सालचा आकडा होता म्हणून. तो नसता तर आज तेथे जाणारा तरुण उरलेल्या मूठभर शिंपल्यांकडे पाहून म्हणाला असता, 'येथे शिंपले असेच विरळ असतात.' डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली हीच गोष्ट समुद्रातील माशांविषयी दाखवून दिली: प्रत्येक पिढी आपल्या तारुण्यात जे पाहते तेच मूळचे समजते आणि तेथून पुढची झीज मोजते. अशा रीतीने पिढीगणिक वैभव ओसरते आणि तक्रार मात्र कोणाचीच राहत नाही.

आपल्या नद्यांच्या बाबतीत हेच झाले आहे, असे मला भय वाटते. घरातील वृद्ध माणसे सांगतात, नदीचे पाणी पूर्वी किती निर्मळ होते, तळचा गोटा कसा दिसे, वाळूत शिंपले किती मिळत. आपण ते ऐकतो आणि वृद्धांचा स्वभावच मागचे गोड मानण्याचा, असे म्हणून सोडून देतो. त्यांस आपण खोटे ठरवू शकत नाही. पण खरे ठरविण्यासही आपल्यापाशी काही नाही. आठवण ही साक्ष आहे. आकडा हा दस्तऐवज आहे. आणि नदीचा दावा केवळ साक्षीवर उभा राहत नाही. आपल्याकडील गोड्या पाण्यातील शिंपल्यांची व शंखांची वर्णने १९१५ साली प्रेस्टन नावाच्या इंग्रज लेखकाने एका जाड ग्रंथात एकत्र केली. कोणकोणत्या जाती आहेत हे त्यातून कळते; त्या काळी कोणत्या पात्रात किती होत्या, हे अशा ग्रंथातून कळत नाही. सह्याद्रीतून निघणाऱ्या भद्रेच्या खोऱ्यात, जुन्या म्हैसूर संस्थानाच्या मुलखात, खडकास सिमेंटासारखा घट्ट चिकटून राहणारा एक विलक्षण शिंपला आहे. १८९८ साली त्याचे प्रथम वर्णन झाले आणि आज तो संकटग्रस्तांत गणला जातो. तो आपल्या इतक्या जवळचा. पण त्याचे नाव पाठ्यपुस्तकात नाही, कथेत नाही, म्हणीत नाही. ज्या नद्यांच्या आरत्या आपण करतो त्यांच्या तळाशी कोण राहते याची यादी आपणापाशी असू नये, ही भक्ती जरा विचित्रच म्हटली पाहिजे.

मी संख्याशास्त्रज्ञ नव्हे आणि प्राणिशास्त्रज्ञही नव्हे. परंतु मला असे वाटू लागले आहे की, स्वामित्वावाचून केलेली मोजणी हा सभ्यतेचा एक वरचा टप्पा आहे. आपल्या मालकीचे मोजणे यास हिशेब म्हणतात. जे आपले नाही आणि आपले होणारही नाही, ते आहे की नाही याची काळजीपूर्वक नोंद करणे यास दुसरा काही शब्द हवा. तीत लाभ नाही, कीर्तीही बेताचीच. १९७९ साली थंड पाण्यात वाकून ज्यांनी पंचवीस हा आकडा लिहिला त्यांस तो पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडेल हे ठाऊक नव्हते. त्यांनी तो नीट लिहिला एवढेच. आज जे लोक कोरड्या हाताने एक शिंपला पुन्हा वाळूत सरळ रोवतात आणि ओल्या कागदावर एक शून्य मांडतात, त्यांचे वाचकही अजून यावयाचे आहेत. ते येतील तेव्हा त्यांस त्या शून्यावर विश्वास ठेवता यावा, एवढीच या मोजणाऱ्यांची अपेक्षा आहे. आणि ती पुरी होण्यास लागणारा प्रामाणिकपणा आपणही आपल्या नदीच्या काठी बसून दाखवू शकू, असे मानण्यास मला काही अडचण दिसत नाही.